वजनकाटा

तीन धावपट्ट्या होत्या, गावापासून तासाभराच्या आत.
नेस्तोर म्हणाला, जवळची धर.
पन्नाशीतल्या हौसेसाठी फार पेट्रोल जाळू नये.

जवळची सिमेंटची. मधोमध पांढरी रेघ,
नव्या वहीच्या समासासारखी.
मनोऱ्यात एक माणूस, गळ्यात दुर्बीण,
कचेरीत इतका गारवा की मी कोट काढलाच नाही.
एका मुलीनं गुळगुळीत कागद पुढे सरकवला:
दहा तास एकदम घेतले तर अकरावा फुकट.
काचेपलीकडे विमानं एका ओळीत,
दवाखान्यातल्या खाटांसारखी झाकलेली.
शिकवणार कोण, मी विचारलं.
जो मोकळा असेल तो, ती म्हणाली
आणि पुढचा फोन उचलला.

दुसरी नदीकाठची. तिथलं जेवण चांगलं.
रविवारी निखाऱ्यांवर फासळ्या, लांबलचक टेबल,
मातेचा भोपळा हातोहात फिरतोय,
आणि उड्डाणांच्या गोष्टी एवढ्या उंच
की विमानाची कुणाला आठवणच होत नव्हती.
नदीवरचं धुकं अकरापर्यंत उठत नाही. ती माणसंही नाहीत.
हँगरच्या कोपऱ्यात एक पिवळं विमान, चाक बसलेलं,
पंखावर कोंबडी.
मला तिथे फार आवडलं. म्हणूनच पुन्हा गेले नाही.

तिसरी सत्तेचाळीस किलोमीटर, त्यातले अकरा कच्चे.
गवताची पट्टी. गवत मेंढ्या राखतात.
उतरण्याआधी एक घिरटी घालायची,
म्हणजे मेंढ्या कडेला होतात.
टिटव्या होत नाहीत. टिटव्यांना वाटतं पट्टी त्यांचीच.

सुबेल्दियानं दर सांगितले नाहीत.
पंखाखाली वाकून त्यानं टाकीतलं थोडं इंधन
काचेच्या नळीत काढलं, माझ्या हातात दिलं.
काय दिसतं?
काही नाही.
परत बघ.
उजेडात धरली. तळाशी मोहरीएवढा थेंब, पाण्याचा.
तो काही बोलला नाही, पुन्हा नळी भरली.
चौथ्यांदा खरंच काही नव्हतं.

मग म्हणाला, वजन किती तुझं?
मी सहकारी कोठारात काट्यावर बसते.
बावीस वर्षं ट्रकांची वजनं लिहिते:
भरलेला, रिकामा, वजाबाकी. सोयाबीन, मका, गहू.
ड्रायव्हर चहाटळ असतात, तरी माझं वजन
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मी चार किलो कमी सांगितलं.
त्यानं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.
लाजून सांगितलेलं वजन, बाई, विमान उचलत नाही.
मी चार किलो परत घातले.
पेन्सिलीनं त्यानं बेरीज केली सिगारेटच्या पाकिटावर:
मी, तो, इंधन, टाकीमागची हत्यारांची पेटी.
मी उलटी वाचत होते. बेरीज बरोबर होती.

मग बाहेर जाऊन उभा राहिला.
काठीवरची वाऱ्याची पिशवी, पिठाच्या पोत्याचं ठिगळ लावलेली,
आडवी, ताठ.
नैऋत्येला आभाळाची कड जरा निळसर, जखमेभोवती असते तशी.
आज नाही, तो म्हणाला.
मी पाकीट काढलं. त्यानं पाहिलंही नाही.
मेंढ्या आत घ्यायला मदत करशील?

सत्तेचाळीस किलोमीटर मी त्याला शिव्या देत आले.
लोकरीचा वास अंगाला, उड्डाण शून्य.

दुपारपाळीला पाम्पेरो आला.
धुळीनं दिवस विझला, पत्रा कुठेतरी किंचाळला,
कोठाराचं फाटक स्वतःच उघडलं.
काट्यावर एकही ट्रक नव्हता.
आणि माझ्यासमोरचे लाल आकडे,
बावीस वर्षांत जे रिकाम्या फळीवर कधी हलले नव्हते,
वीस झाले, चाळीस झाले, पुन्हा वीस, पुन्हा चाळीस.
मी सवयीनं पेन उचललं होतं.

संध्याकाळी मीच फोन लावला.
तारेत खरखर. त्यानं विचारलं,
तिकडे वारा किती होता?
चाळीस किलो, मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर नुसत्या मेंढ्या.
मग: शनिवारी सातला ये. ते बूट नकोत.